गाठीचा शेजार

आईच्या छातीतली गाठ काढून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून आमच्या सौंसरच्या घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नसे, आणि मी मात्र नागपूरच्या प्रयोगशाळेत दिवसभर तसल्याच गाठींचे तुकडे तपासत होते. आई काही विचारायची नाही, मी काही सांगायचे नाही. जास्त भित्री कोण, देव जाणे.

संत्र्याची तोड सुरू झाली म्हणून मी घरी आले. बागेत, झाडाखाली, आम्ही दोघी माल निवडायला बसलो. सहा महिने माझा प्रयोग फसत होता, ते तोंडावर दिसत असणार.

"काऊन वं, एरंडेल पेल्यासारखं तोंड करून राहिली?"

मग एकदाचं सांगितलं. प्रत्येक पेशीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्यात जुनी प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या. घरातला कचरा निस्तरणं हे त्यांचं काम. गाठीपाशी मात्र त्या पेशीबाहेर पडतात आणि गाठीला पसरायला वाट कापून देतात. मला त्याच कात्र्या सापडत नव्हत्या.

"गाठ इतकी चोख सोलून घेते मी, बाजूचं काईच ठेवत नाही," मी ऐटीत म्हणाले. माल निवडणाऱ्या घरची पोर, दुसरं काय करणार!

आईने क्रेटमधलं एक सडकं संत्रं फेकलं आणि त्याला टेकलेली चार चांगली दिसणारीही वेगळी काढली.

"सडकं तं आंधयालेबी दिसते. पाहा लागते ते बाजूचे. अन् तू तेच फेकून राहिली?"

मी नागपूरला परतले. पुढच्या खेपेला गाठ कडेसकट घेतली. कात्र्या तिथेच होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच पुरवल्या होत्या शेजारच्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींनी. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मला इतका आनंद झाला की लगेच आईला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "माह्यावाल्या गाठीच्या बाजूचं कसं होतं वं?"

"साफ होतं, आई. कडेले काईच नव्हतं. रिपोर्टात तवाच लिहून होतं."

"तुले मालूम होतं?"

"हो." मला स्वतःची फार लाज वाटली.

"मंग दोन वर्सं मी काऊन भेऊन राहिली होती?" ती म्हणाली, आणि हसत सुटली.