रस्ता कोणाचा

आमच्या गावापासून धरणगावच्या डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता कच्चा होता. बांधकाम खात्याचे साहेब म्हणायचे, "तो ग्रामीण मार्ग आहे, जिल्हा परिषदेकडे जा." जिल्हा परिषदेत म्हणायचे, "तो आता प्रमुख जिल्हा मार्ग झाला, बांधकाम खात्याकडे जा." गावाचे असे हेलपाटे चालू असतानाच एका पावसाळ्यात माझ्या काकूची बैलगाडी त्या रस्त्यावर उलटली आणि तिचा पाय कायमचा अधू झाला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच साहेबांची जीप आमच्या दारासमोरच्या खड्ड्यात अडकली. घामाघूम होऊन ते ओट्याशी आले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरला. काकूने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"साहेब, हाई सडक कोनी शे?"

"जिल्हा परिषदेची," ते सवयीने म्हणाले.

"मंग पानी बी त्यासनाकडेच मांगा."

ते माझ्याकडे बघू लागले. मलाही त्यांची दया आली नाही. जीप ढकलायला गावातलं कोणीच पुढे झालं नाही, तेव्हा साहेब भर उन्हात डांबरी सडकेकडे चालत निघाले. काकू लंगडत दारात आली आणि ते दिसेनासे होईपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. रस्ता पक्का व्हायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली.