चहासाठी उतरणारे कॅप्टन

कॅप्टनना कसल्याही वाऱ्यात विमान उतरवता यायचं, पण चहा चुकवता यायचा नाही. मालवणजवळच्या आमच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रात ते शिकवायचे आणि मी उड्डाणांच्या नियोजनाचं टेबल सांभाळायची. इतका बेशिस्त माणूस इतका कडक इस्त्रीचा गणवेश घालतो, हे मी तिथेच पाहिलं.

ढगांतून उपकरणांच्या भरवशावर उडायचं, तर फ्लाइट प्लॅन आधी दाखल करावा लागतो. दुसऱ्या विमानतळावर न थांबता, नुसता सराव करून परतायचं असेल तर एक प्लॅन पुरतो. तिथे थांबायचं असेल, तर परतीचा वेगळा. कॅप्टन प्लॅन एकच द्यायचे आणि दर वेळी तिथे चहाला थांबायचे. मग तिथल्या विमानतळावर कामाला असलेला त्यांचा मित्र धावपळ करून परतीचं निस्तरायचा.

"परतीचाही देऊन ठेवू या," मी म्हणायची.

"अगो बाय, आपल्या घराक येवक कसलो प्लॅन? तुझ्या लग्नातपण अशीच यादी घेवन बसललंस काय गो?"

बसले होते. म्हणून पंगती वेळेवर उठल्या.

आजारी विद्यार्थ्यासाठी ते घरून पेज आणायचे, एवढं मान्य करते.

आचरा गावच्या सायली या विद्यार्थिनीची वैमानिकाची परीक्षा होती, त्याच्या आदल्या दिवशी कॅप्टन तिला शेवटच्या सरावाला घेऊन गेले आणि चहाला उतरले. मित्र नेमका रजेवर. नवा प्लॅन मंजूर होईपर्यंत तिथला विमानतळ बंद होणार होता. सकाळी सायली इथे हवी होती. परीक्षक पुन्हा कधी येतील, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चल गो, ढगाखालसून बघीत जावया. परवानगी मी मागतंय," कॅप्टन म्हणाले, असं सायलीनेच मला नंतर सांगितलं.

"नाय सर. ढग डोंगराक टेकलेत. मी येवचंय नाय."

सकाळी विमानतळ उघडून प्लॅन मंजूर झाल्यावर दोघं दुसऱ्या दिवशी दुपारी आली. परीक्षक तोवर निघून गेले होते. कॅप्टननी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं, "पोरगी भित्री आसा." माझं त्यांच्याबद्दलचं मत तेव्हा जे झालं, तेच आजही आहे.

पुढे बऱ्याच महिन्यांनी सायली पास झाली. कॅप्टनच्या निरोप समारंभात तेच छाती काढून म्हणाले, "भियाचा नाय, ह्या तिका मी शिकवलंय!" मी खुर्चीत ताठ झाले.

सायली उठली. "सरांनी माका एक गोष्ट खरीच शिकवल्यानी," ती शांतपणे म्हणाली. "सरांका 'नाय' म्हणूक."

पहिली टाळी कॅप्टननीच वाजवली.