फोटोखालचं नाव

आमच्या पेपरात फोटो दोन प्रकारचे असायचे. एक छापलेले आणि दुसरे सांगितलेले. छापलेले आठवड्याला दोन-तीन. सांगितलेले मात्र अजून संपलेले नाहीत! नगरच्या त्या कचेरीतली जुनी मंडळी भेटली की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "दत्त्या, तो टोपणाचा सांग रे." मग काय, सांगावाच लागतो.

बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायचो. मागं ताजमहालाचा पडदा, पुढं स्टूल, आणि माझं एकच वाक्य, "हनुवटी वर, जरा हसा!" एक दिवस आमच्या पेपरचे संपादक तात्या फोटो काढायला आले आणि जाताना म्हणाले, "आमच्याकडं येतोस का? तीन महिने बघू. ज्या दिवशी फोटोखाली तुझं नाव छापावंसं मला वाटेल, त्या दिवशी नोकरी पक्की. नाहीतर ताजमहाल आहेच!"

मी त्याच दिवशी स्टुडिओ सोडला. घरी आठ दिवसांनी सांगितलं.

* * *

पहिली कामगिरी, सावेडीच्या माळावरच्या कुस्त्या. कचेरीचा कॅमेरा दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालचं फोटो घेणार. दोन भिंगांना दोन टोपणं. मी वरचं काढलं. काय एकेक फोटो दिसत होते! धोबीपछाड काय, ढाक काय! बाराच्या बारा फोटो संपवून मी नाचतच डार्करूममध्ये आलो.

डार्करूम चाँदभाईंची. वीस वर्षं त्या अंधारात काढलेला माणूस. त्यांनी रोल धुतला, उजेडात धरला आणि शांतपणे विचारलं, "कुस्ती अमावास्येला होती का रे?"

मग कॅमेऱ्याचं खालचं टोपण स्वतःच्या हातानं काढून माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. "वरचं भिंग तुझ्यासाठी. खालचं पेपरसाठी. पेपरला पण बघू दे थोडं!"

* * *

दुसरी फजिती बाजारातल्या आगीची. कडब्याची वखार पेटलेली, बंब आलेला, लोकांची पळापळ. मी गर्दीतून घुसून अगदी पुढं पोचलो. पाण्याचा पाईप धरून एक बंबवाला धुरात उभा. आयुष्यातला पहिला खरा फोटो समोर होता आणि माझ्या तोंडून निघालं, "हनुवटी वर, जरा हसा!"

आणि तो हसला हो! पाईप सोडून, टोपी नीट करून हसला. पाण्याची धार गेली थेट आमच्या वार्ताहराच्या अंगावर. पुढं महिनाभर तो माझ्याशी बोलत नव्हता.

* * *

फोटो छापायचा तर त्याचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, लागायचा आणि ब्लॉक व्हायचा पुण्याला. फोटोचं पाकीट दुपारच्या गाडीत कंडक्टरच्या हातात द्यायचं, दुसऱ्या दिवशी ब्लॉक परत. एकदा शाळेच्या नव्या इमारतीचा फोटो होता आणि मी पाकीट घेऊन पोचलो तेव्हा गाडी सुटलेली. दुसऱ्या दिवशी पान तयार, मजकूर तयार, मधे चौकोन रिकामा!

तात्या भडकले. पण रिकामं सोडतील तर ते तात्या कसले? चौकोन तसाच ठेवून खाली छापलं, 'शाळेची भव्य इमारत. फोटो उद्या.'

खरा फोटो छापून यायच्या आतच त्या शाळेच्या हेडमास्तरांचं पत्र आलं. "फोटो उत्तम आला आहे. आभार!"

* * *

असे तीन महिने संपत आले. नाव काही छापून आलं नाही. तेवढ्यात तात्यांनी पाथर्डीच्या बाजूला दुष्काळी कामावर पाठवलं. पाझर तलावाचं काम, बाया खडी फोडत होत्या. मला बघून त्यांच्यातल्या थोरल्या पार्वताबाई उठल्या. "फोटु? आन् ह्या अवतारात? न्हाई बाबा. उद्या या."

मी स्टुडिओतला माणूस. मला ते पटलंच! दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळ्या ओळीत उभ्या. केस चोपून बसवलेले, अंगावर ठेवणीतली लुगडी, हातात खडीच्या पाट्या. मी झोकात फोटो काढला.

तात्यांनी तो टेबलावर आपटला. "हा दुष्काळ आहे की हळदीकुंकू? चार दिवस उरलेत तुझे!"

मी डार्करूममध्ये जाऊन अक्षरशः रडलो. चाँदभाई म्हणाले, "लोक तुझ्याकडं बघतायत तोवर बटन दाबू नको. उद्या परत जा. कॅमेरा ने, रोल नको."

मला वाटलं, यांचंही डोकं फिरलं. पण गेलो. दिवसभर रिकामा कॅमेरा खटखटवत बसलो. सकाळी सगळ्या पदर सावरत होत्या. दुपारी पार्वताबाई म्हणाल्या, "बसू द्या त्याला. त्येचं काय न्हाई." चार वाजता तर एकीनं पोर माझ्या मांडीवर आणून ठेवलं!

दुसऱ्या दिवशी रोल घालून गेलो. टळटळीत ऊन. बाभळीखाली मुकादम घोरतोय, पार्वताबाईंचा हातोडा वर उचललेला, फाटका पदर डोक्यावरून घसरलेला, आणि त्याच्या घोरण्याला त्या खदखदून हसतायत. मी बटन दाबलं. हसा म्हणालो नाही.

तात्यांनी फोटो खिडकीशी नेऊन बघितला. मग पेन उघडलं आणि फोटोच्या मागं लिहिलं, 'पान एक. छाया : दत्ता.'

मी चाँदभाईंना उचलूनच घेतलं!

पेपर हातात पडला तसा मी पहिल्या गाडीनं पाझर तलावावर. निघताना चाँदभाईंनी एक पाकीट दिलं, "हे पण दे त्यांना." पार्वताबाईंनी हात पुसून पेपर धरला. फोटो बघितला, त्याखालच्या नावावर मी बोट ठेवलं तेही बघितलं. म्हणाल्या, "ह्यो तुजा. आमचा कुटं हाय?"

मी पाकीट उघडलं. आत तोच हळदीकुंकवाचा फोटो. चाँदभाईंनी मोठा करून छापला होता. सगळ्या बाया खडी टाकून धावल्या. "आगं, माजं लुगडं बग! माजी नथ बग!" एकच गलका!

पार्वताबाईंनी फोटो उलटसुलट करून नीट बघितला आणि माझ्याकडं वळल्या.

"ह्याच्याखाली तुजं नाव का न्हाई रं? लई चांगला तर ह्योच आलाय!"