पेटी उघड आधी!

चुका माझ्या हातून होत नाहीत. एक झाली, तेवढी सांगते, म्हणजे बाकीच्या झाल्या नाहीत यावर तुमचा विश्वास बसेल. चहा ओतून घ्या. दुसऱ्यांदा विचारणार नाही.

मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर मी सव्वीस वर्षं बसले. हे गेल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाचं काम नाही हे." मी म्हटलं, "बरं. मग तुम्ही घरी बसा." शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचं मराठी मी पुड्या बांधायच्या रद्दीवर शिकले आणि इंग्रजी पोत्यांवर. ‘यूज नो हूक्स’ मी जितकं स्वच्छ वाचते तितकं आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर इंजिनियरला वाचता यायचं नाही.

त्या धंद्यानं एक गोष्ट शिकवली. पोत्याचं तोंड सोडून दाखवतात, तो माल नव्हे. वरचे दोन शेर सगळेच चांगले ठेवतात. आपण पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसायची आणि मधला दाणा तळहातावर घ्यायचा. "नका खुपसू बाई, पोतं फाटेल," असं जो म्हणेल त्याचा माल किडका. याला अपवाद मी पाहिला नाही.

म्हणजे, तोवर पाहिला नव्हता.

गाळा विकल्यावर मी बिबवेवाडीतल्या घराच्या वरच्या दोन खोल्या मुलींना भाड्यानं द्यायला लागले. त्या वर्षांत पुण्यात परगावची मुलं अशी उतरत होती, जसा सुगीत माल उतरतो. निम्मी कॉम्प्युटरला, उरलेली कशाकशाला. स्नेहल आली ती कारंज्याहून. वडील शिंपी. आणि ती शिकत होती काय, तर सिनेमा!

"सिनेमा शिकतात?"

"हो आजी. दोन वर्षांचा कोर्स आहे."

"आमचा तीन तासांत व्हायचा."

पोरगी गुणाची होती, ते मान्य करते. जिना चढताना चपला हातात घ्यायची. पण वडिलांनी बजावून पाठवलं होतं: पहिल्या वर्षी नीट मार्क पडले तर दुसरं वर्ष, नाहीतर सामान बांधून परत. स्थळ बघून ठेवलेलंच होतं. त्यामुळे परीक्षा जवळ आली तशी ती जेवेना.

एक दिवस कागद घेऊन खाली आली.

"आजी, एक काम होतं. सायकॉलॉजिकल थ्रिलरचं ओपनिंग केलंय आम्ही. बाहेरच्या पाच प्रेक्षकांकडून मूल्यमापन करून घ्यायचंय. त्यातलं एक माणूस साठीच्या पुढचं पाहिजे."

"थ्रिलर म्हणजे?"

"म्हणजे भीती वाटते, पण कशाची ते कळत नाही."

"लग्न ठरल्यावर वाटते तशी?"

तिनं जरा विचार केला. "हो. तशीच."

मूल्यमापन! अहो, आयुष्यभर लोकांनी मला ‘इथे सही करा’ म्हणून कागद पुढे केले. मूल्यमापन करा म्हणून कुणी आलं नव्हतं. मी चष्मा दोनदा पुसला. साडी बदलली नाही, पण मनात येऊन गेलं.

वर गेले. कॉम्प्युटरसमोर खुर्ची मांडलेली. स्नेहलनं पडदे ओढले.

एक बाई जमिनीवर बसून तांदूळ निवडतेय. शेजारी फोन वाजतोय. ती उचलत नाही. एकेक खडा काढते आणि वाटीत टाकते. टक्. टक्. फोन थांबतो. मग फरशीवर ओली पावलं दिसतात, उंबऱ्यापासून आत गेलेली. बाईचे पाय कोरडे. पावलं जाऊन थांबतात एका पत्र्याच्या पेटीपाशी. पेटीला कुलूप. ते कुलूप आपोआप हलतं. एवढंसं. बाई मान वळवते… आणि काळोख. सिनेमाचं नाव आलं. बंद.

मी घाबरले नाही. पाय खुर्चीवर घेतले होते, ते फरशी गार होती म्हणून.

"हं," मी म्हटलं. "पुढचं लाव."

"पुढचं नाहीये, आजी."

"पेटीत काय आहे?"

"माहीत नाही."

"केलं कुणी हे?"

"मीच."

"आणि तुलाच माहीत नाही?"

"आजी, एवढंच करायचं होतं. ओपनिंगच फक्त."

आता ओपनिंग म्हणजे सुरुवात, एवढं इंग्रजी मला येतं. आणि सुरुवात आहे म्हणजे पुढचंही कुठेतरी आहे, एवढा व्यवहार कळतो. तेवढ्यात कॉम्प्युटरवर दुसरं काहीतरी उमटलं आणि स्नेहलनं झडप घालून ते बंद केलं. (माझ्या पापडांच्या चादरीवरून ओल्या पायांनी चालायची तालीम होती ती. नंतर कळलं. चादर धुऊन घेतली.) पण त्या वेळी मी ओळखलं. सळई खुपसू देत नाहीये!

फॉर्म घेऊन खाली आले आणि पोथीला बसावं तशी बसले. ‘सुरुवात पाहून उत्कंठा वाढली का?’ लिहिलं: ‘वाढवली. भागवली नाही.’ ‘भीती वाटली का?’ ‘प्रश्न चोंबडा आहे.’ दहापैकी गुण? सिनेमा अडीच तासांचा असतो, त्यातली दोन मिनिटं दाखवली. त्या मापानं शून्य पडत होतं. बाई तांदूळ नीट निवडत होती म्हणून दोन दिले. खाली शेरा: ‘वरचा थर उत्तम. खालचा माल दाखवण्यास नकार. खरेदी करू नये.’ आणि सही. सही माझी मोठी आहे. गाळ्यावर सवय लागली.

स्नेहलनं फॉर्म वाचला. डोळे भरून आले. एक अक्षर न बोलता घडी घातली आणि गेली. बघा! खरी असती तर भांडली नसती का?

इथे थांबले असते, तर हा किस्साच झाला नसता. पण परक्याची पोर माझ्या घरात, आणि सिनेमाचा उरलेला भाग लपवतेय. काय असेल त्यात? मी कारंज्याला फोन लावला. शिंप्याच्या दुकानात.

"तुमची मुलगी सिनेमा अर्धाच दाखवतेय."

"अर्धा म्हंजे?"

"दोन मिनिटं. बाकीचा लपवलाय."

"काय हाये त्याच्यात?"

"ते माहीत असतं तर फोन कशाला केला असता?"

मशीनची घरघर थांबली. "बाई हाये का त्याच्यात?"

"आहे."

"एकटीच?"

"एकटी. आणि ओली पावलं."

"ओली काहून?"

"तेच तर म्हणतेय मी!"

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एकदम शांत आवाज: "तिचं सामान बांधून ठेवा, बाई. मी सकाळी येतो."

फोन ठेवला तेव्हा मला जरासं चमत्कारिक वाटलं. मी कुलपाबद्दल तक्रार केली होती. ते पोरीचं लग्नच लावायला निघाले. पण बोललेला भाव मी कधी फिरवला नाही. यार्डात तीच तर माझी पत.

सकाळी सातला गृहस्थ दारात हजर. धोतर-टोपी, आणि हातात सुतळीचा गुंडा! सामान बांधायला सुतळीसुद्धा कारंज्याहून आणली होती. जसं काही पुण्यात मिळतच नाही.

स्नेहल जिन्यात आली आणि तिथेच खिळली. आधी वडिलांकडे पाहिलं, मग सुतळीकडे, मग माझ्याकडे.

"आजी, काय केलंत हे?"

"कर्तव्य."

"बाबा, अकरा वाजता आमच्या फिल्म दाखवणार आहेत. मार्क तिथेच देणार. तेवढं बघा, मग बांधा काय बांधायचं ते."

"पाहू नं," ते म्हणाले. "पुरा पाहू."

"मीही येते," मी म्हटलं. तक्रार माझीच होती.

एका रिक्षात तिघं. मधे स्नेहल, डोळे मिटून. तिच्या डोक्यावरून आम्ही दोघं पेटीत काय असेल यावर बोलत होतो. ते म्हणाले, चिठ्ठ्या. मी म्हटलं, चिठ्ठ्यांनी कुलूप हलत नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये अंधार. पहिली फिल्म: एक मुलगा जिना उतरतोय, उतरतोय, खाली दार. दाराला हात लावतो. बंद! दुसरी: एक म्हातारा चिठ्ठी फोडतो, वाचतो, चेहरा पांढराफटक. बंद! तिसरी: विहीर. कुणीतरी आत वाकतं. बंद!

स्नेहलचे वडील माझ्या कानाशी आले. "बाई, इथं सगळेच लपवून ऱ्हायले का?"

चौथ्या फिल्मला मात्र राहवेना. आख्खं मार्केटच किडकं निघावं म्हणजे काय? मी उभी राहिले.

"अहो, ही दारं उघडणार कधी?"

दिवे लागले. पुढे एक मॅडम बसल्या होत्या, बारीक केस, कडक इस्त्री. "कोणती दारं, आजी?"

"सगळीच! जिन्याचं, विहिरीचं. बाकीचा सिनेमा कुठे आहे यांचा? पालकांना फसवता?"

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नीट, सावकाश, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "आजी, बाकीचा सिनेमा अस्तित्वातच नाही. मुलांना फक्त पहिली दोन मिनिटं करायला सांगितली होती. परीक्षा सुरुवातीचीच आहे. बघणाऱ्याला पुढचं बघावंसं वाटलं, तर पास."

सत्तर मुलं माझ्याकडे बघत होती.

पोतंच नव्हतं, हो! दोन शेर मागवले होते, दोन शेर आणले होते. आणि मी सळई घेऊन पोतं शोधत कारंज्यापर्यंत पोचले.

मी बसले. शेजारून हळूच: "बाई, तुमी तं म्हने लपवलं…"

"लपवलं नाहीये, हे मी तपासून घेतलं," मी म्हटलं. "आता खात्री झाली." आवाज ठाम ठेवला. आतून मात्र त्या सुतळीच्या गुंड्याकडे बघवेना.

मग स्नेहलची फिल्म लागली. तांदूळ. फोन. टक्. टक्. ओली पावलं. मी वडिलांकडे पाहत होते. त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. तिथली फरशी गार नव्हती. कुलूप हललं, बाईनं मान वळवली, काळोख, आणि त्या काळोखात माझ्या शेजारून गर्जना:

"अवो, पेटी उघड आधी!"

दिवे लागले तर गृहस्थ उभे. टोपी हातात.

"स्नेहल! काय हाये त्या पेटीत?"

"बाबा, खरंच ठरवलं नाही अजून. पूर्ण फिल्म दुसऱ्या वर्षाला करायची असते."

त्यांनी हातातली सुतळी एकदा उलगडली, पुन्हा गुंडाळली. "मंग कर नं दुसरं वर्ष! अशी पेटी बंद ठेवून कारंज्याले कशी येशीन? मले झोप लागनार हाये का? पुरं केल्याबिगर घरी याचं नाई, सांगून ठेवतो!"

स्नेहल रडत होती की हसत होती, कळलं नाही. मॅडमनी तिथल्या तिथे वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "दादा, आम्हा परीक्षकांचे दहापैकी नऊ. बाहेरच्या चार प्रेक्षकांनीही आठ-नऊ दिलेत. पाचवा फॉर्म तेवढा वेगळा आहे. त्याच्यावर दोन आहेत. शेरा आहे, ‘खरेदी करू नये.’"

हॉलभर हशा.

स्नेहलचे वडील लालबुंद. "कोन हाये तो अडाणी? समोर आना त्याले!"

मॅडमनी फॉर्म डोळ्यांपासून लांब धरला, मग माझ्याकडे पाहिलं. पुण्याच्याच त्या, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "सही आहे ना. चांगली ठळक आहे. वाचू?"

"कशाला?" मी म्हटलं. "असल्या माणसाचं नाव घेऊन सगळ्यांचा वेळ कशाला घालवायचा? असतात एकेक."

"बराबर बोलल्या," ते माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाले. "तुमच्यासारख्या जानकार बाईकडून फारम भरून घ्याले पाह्यजे होता!"