खिडकीपर्यंतची गोष्ट

चाचा कोणत्याही सभागृहात शिरले की आधी खिडकी उघडते का ते पाहत. लंडनजवळच्या क्रॉयडनच्या चर्च हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव असे. तिथेही ही तपासणी चुकत नसे. "चाचा, आरती तरी होऊ द्या, मग पळू," असे कोणी म्हटले की ते गंभीरपणे सांगत, "तुम्ही ओवाळा. मी लॅच बघून येतो."

ते मूळचे रत्नागिरीचे, आमच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. त्याआधी सौदीत जेद्दाला नोकरीस होते. एकोणीसशे एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात ते मक्केच्या मोठ्या मशिदीत पहाटेच्या नमाजाला गेले आणि त्याच पहाटे सशस्त्र बंडखोरांनी मशीद ताब्यात घेतली. दरवाजे लावले आणि आपल्यातलाच एक जण जगाचा तारणहार असल्याचे ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले. चाचा ही हकिकत रंगवून सांगत. पळताना ते खिडकीत पोटाशी अडकले. मागून एका धिप्पाड सुदानी यात्रेकरूने त्यांना बाहेर लोटले. "आदल्या रात्रीची बिर्याणी नडली, डॉक्टर!"

पाहुणे आले की मीच त्यांना ही गोष्ट सांगायला लावी. ती नेहमी खिडकीपाशी संपे आणि चाचा चहा मागत. एकदा मी सहज विचारले, "मग पुढे?"

"पुढे दोन आठवडे आत गोळ्या चालल्या," ते म्हणाले. "मी बाहेर होतो. मला लोटणारा आत."

त्यानंतर मी त्यांना ती गोष्ट सांगायला लावली नाही.

चाचींना हजला जायचे होते. एकट्या बाईला तेव्हा परवानगी नसे. सोबत नवरा किंवा जवळचा नातलग हवा. चाचा दरवर्षी होकार देत आणि दरवर्षी काही निघे. कधी बॉयलर बिघडे, कधी गुडघा, कधी लेकीची ए-लेव्हलची परीक्षा. एका वर्षी त्यांनी उन्हाचे कारण काढले. "अहो, मक्केत बर्फ पडायची वाट बघू का?" चाची म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो. चाचाही हसले, पण त्यांनी बिस्किटांची बशी उगाचच दोनदा सरकवली.

शेवटी चाचींनी रत्नागिरीच्या भावाबरोबर जायचे ठरवले. कॅन्टीनमध्ये चाचांनी मला ते सांगितले. "बरे झाले, तुमची कटकट मिटली," मी म्हणालो.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "ती आत असणार आणि मी बाहेर? नाही डॉक्टर. ते एकदा झालं."

त्या वर्षी दोघे गेले. परतल्यावर मी खजूर घ्यायला त्यांच्या घरी गेलो. चाची स्वयंपाकघरात होत्या. मी हळूच विचारले, "भीती वाटली?"

"सगळा वेळ. रडू आवरेना. हिला सांगू नका हां. हिला वाटतं, मी श्रद्धेनं रडत होतो."

मला पोहोचवायला चाची दारापर्यंत आल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "हे भीतीनं नुसते लटलटत होते हो. मला ते कळलंय, असं यांना बोलू नका."

मी दोघांनाही शब्द दिला. आता दोघेही नाहीत, म्हणून लिहितो आहे.