तप्पातरी

"चप्पल काढ. हातात धर. इथंच उभी राहा."

कॉलेजच्या गेटवर शिस्त समितीचे सर मला हे इंग्रजीत म्हणाले. सोमवार होता. नऊला पाच मिनिटं कमी. सगळं कॉलेज आत शिरत होतं आणि मी सिक्युरिटीच्या खुर्चीशेजारी अनवाणी उभी. दोन हातांत दोन चपला. फरशी गार होती.

नवा नियम आदल्या आठवड्यात जाहीर झाला होता, त्या सोमवारपासून लागू. कॅम्पसमध्ये बंद बूटच पाहिजेत, चप्पल-सँडल चालणार नाही. वर्गाच्या ग्रुपवर त्यावरून भांडणं पेटली होती. कुणी लिहिलं, आपण काय शाळेतली पोरं आहोत का? कुणी लिहिलं, शिस्त पाहिजेच, हल्ली कोणीही कुठूनही येतं. ते 'कोणीही कुठूनही' मी वाचलं आणि मूग गिळून बसले.

चपला आबांनी केलेल्या होत्या. आबा म्हणजे माझे वडील. अथणीजवळच्या आमच्या गावात बसून चपला करतात. मी बेंगळुरूला निघाले तेव्हा त्यांनी चार दिवस खपून हा जोड केला. तिथल्या गुळगुळीत फरशीवर घसरशील म्हणून तळ मुद्दाम खरबरीत ठेवला. बूट मला रविवारी चिकपेटला जाऊन आणायचे होते. रविवारी ताप होता. नियम मी मोडला, हे खरं आहे. ते मी कधीच नाकारलं नाही.

पण मी एक वाक्य विचारलं.

"सर, एथनिक डेला चालतात ना?"

मागच्याच महिन्यात एथनिक डे झाला होता. अर्ध्या कॉलेजच्या पायात कोल्हापुरी. सरांच्याही. रेशमी काठाचं धोतर आणि पायात आमच्याच भागातला जोड. तो फोटो नोटीस बोर्डावर तसाच लावलेला होता.

सरांनी माझ्या गळ्यातलं आयकार्ड बोटानं सरळ केलं. आडनाव वाचलं. मग कानडीत म्हणाले, "इदु कॉलेजु. निम्म केरि अल्ल."

हे कॉलेज आहे. तुमची केरी नव्हे. केरी म्हणजे वस्ती. पण तो शब्द त्या आवाजात कुठल्या वस्तीसाठी वापरतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

दोन तास उभी होते. पोरं-पोरी येत होत्या, जात होत्या. काहीजण बघत होते. बरेचजण बघायचं टाळत होते, आणि ते जास्त लागत होतं. आबांनी एकदा हसत हसत सांगितलेलं मला आठवत होतं. माझा आजा लोकांच्या पायासाठी चपला करायचा आणि वरच्या आळीतून जाताना स्वतःच्या हातात घेऊन चालायचा. तेव्हा मी लहान होते. मला ते गमतीचं वाटलं होतं. मीही हसले होते. त्या हसण्याची मला गेटवर लाज वाटली.

मधल्या सुट्टीत मैत्रीण आली. राजाजीनगरची. तीन पिढ्या इथं असलेलं मराठी घर, साड्यांचं दुकान. कॉलेजात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच, तीही कानडी शब्द मिसळून.

"स्वल्प ऐकून घे ग," ती म्हणाली. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? सॉरी म्हणून टाक, सगळं सरी होतं, ठीक होतं."

माझ्या हातांकडे तिनं बघितलं नाही. एथनिक डेला तिच्याही पायात तसाच जोड होता. तिच्यावर माझा राग नाही. नाही, हे खोटं लिहिलं. आहे.

दुपारी नोटीस मिळाली. तिच्यात चपलेसाठी अर्धी ओळ होती. बाकी सगळं 'उद्धट वर्तन'. पालकांना घेऊन या, चूक कबूल केल्याचं हमीपत्र द्या. नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

आबा गुरुवारी आले. बनशंकरीच्या स्टॉपवर मी त्यांना घ्यायला गेले. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी. काय झालं ते त्यांनी विचारलंच नाही. मी सांगायला लागले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मिटवून टाकू."

सरांच्या केबिनबाहेर त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आत पाऊल टाकलं, कमरेत वाकले, आणि सरांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तप्पातरी, सर."

तप्पातरी. म्हणजे, चूक झाली जी.

हा आबांचा शब्द आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, भांडतो मराठीत, रडतो मराठीत. माफी तेवढी कानडीत मागतो. ज्यांच्यापुढं मागायची ते साहेब कानडी असतात म्हणून. आबा कंडक्टरला तप्पातरी म्हणतात. दवाखान्यात म्हणतात. तलाठ्याच्या दारात जोडे काढता काढता म्हणतात. ते इतक्यांदा ऐकून लहानपणी मला वाटायचं, कानडीत नमस्काराला तप्पातरी म्हणत असावेत. पहिलीत असताना शाळा तपासायला साहेब आले. बाई म्हणाल्या, साहेबांना नमस्कार कर. मी पुढं होऊन, हात जोडून, मोठ्यांदा म्हणाले, "तप्पातरी, सर." साहेब पोट धरून हसले. बाईसुद्धा हसल्या. घरी येऊन सांगितलं तर आबा हसले नाहीत. चपलेची चामडी वादी ओढत बसले होते, ती ओढतच राहिले.

केबिनमध्ये खुर्ची रिकामी होती. आबा बसले नाहीत. म्हणून मीही उभी. सरांनी हमीपत्र पुढं सरकवलं. आबांनी न वाचता खाली मराठीत सही केली. इंग्रजी त्यांना येत नाही, पण कानडीत असतं तरी वाचलं नसतं.

आता माझी सही राहिली होती. तेवढ्यात सरांची नजर दाराबाहेर गेली. आबांच्या चपलांवर.

"हे तुम्ही केलेत?"

"व्हय जी."

सर एकदम मोकळे झाले. बोलायला लागले. मुलीचं लग्न ठरलंय, हळदीला घालायला अस्सल जोड पाहिजे, इथं दुकानांत सगळा नकली माल. आबांचा चेहरा उजळला. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा. माप घ्यायला कागद मागितला. सरांनी टेबलावर बघितलं आणि हाताला आला तोच दिला. माझं हमीपत्र. पालथं करून.

आबा खाली बसले. सरांनी बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल कागदावर ठेवलं. आबांनी कानावरची पेन्सिल घेतली आणि पावलाभोवती फिरवली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, बोटांच्या मधून. फार हळू, फार नीट. पेन्सिल धरली की त्यांचा हात कधी कापत नाही. मी वरून बघत होते. टोपीच्या मागं त्यांची मान दिसत होती. कातड्यासारखी काळी, सुरकुतलेली.

सरांनी कागद उचलून पुन्हा सुलटा केला. माझ्यापुढं ठेवला. "साइन."

मी वाचलं. कॉलेजच्या प्रतिष्ठेला न शोभणारं पादत्राण घातल्याबद्दल मी माफी मागते, असं होतं. कागद उलटा केला. मागं सरांचं पाऊल.

"सर, जी चप्पल शोभत नाही म्हणून माफी मागायची, तीच तुम्हाला पाहिजे. मी सही करणार नाही."

कागद मी टेबलावर परत ठेवला.

सर बूट घालत म्हणाले, "मग हॉल तिकीट विसर."

आबा अजून खालीच होते. तिथूनच माझ्याकडं वर बघितलं. "पोरी, एक शब्द तर हाय. म्हण की. तप्पातरी म्हण."

"कुणाची चूक, आबा?"

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. सरांकडं वळले आणि माझ्या वतीनं तेच पुन्हा म्हणाले. दोनदा. मी बाहेर आले.

आम्ही स्टॉपकडं चालत निघालो. मला वाटत होतं, मी त्यांची मान ताठ केली. त्यांनी निदान पाठीवर हात ठेवावा. बस दिसली तेव्हा ते म्हणाले, "पायाचं माप घ्यायचा माझा धंदा हाय. कुणाचं बी पाऊल असू दे. मला त्यात कमी वाटलं न्हवतं. तू मधी बोललीस, तवा वाटलं."

मग पिशवी माझ्या हातात दिली आणि चढले.

मी स्टॉपच्या बाकावर बसून रडले. लोक बघत होते. बघू देत. आबा म्हणाले ते खरं होतं. त्यांच्या हुन्नराला मी लाजले नव्हते, पण त्यांना तसं दिसलं. त्यांना आता कुठल्या भाषेत समजावू? माझं भांडण पेन्सिलीशी नव्हतं. दार उघडायच्या आत तोंडात तयार असलेल्या त्या शब्दाशी होतं. तो ते आयुष्यभर म्हणत आले म्हणून मी कॉलेजपर्यंत पोचले, हेही मला माहीत आहे. म्हणूनच जास्त दुखतं.

हॉल तिकीट मिळालं नाही. सगळे पेपर बुडाले. मी विद्यापीठाकडे लेखी तक्रार केली. केरी हा शब्द, गेट, दोन तास, सगळं लिहिलं. साक्षीला कुणी येईना. मैत्रीण म्हणाली, मला घरचे ओरडतील. बऱ्याच खेपा घातल्यावर चौकशी लागली. माझा फोन गेला की आबा आता तो आईकडंच देतात.

परवा कॉलेजातून निरोप आला. प्रकरण वाढवू नका. माफी नको, नुसती 'दिलगिरी' लिहा. दोन ओळी. पुढच्या सत्रात बसू देतो. आईनं फोनवर रात्रभर विनवलं, लिही ग, वर्ष जाईल. जाईल. एक गेलं तर एक, दोन गेली तर दोन. मी ट्यूशन घेऊन राहीन, पण इथंच राहीन, ह्याच शहरात, आणि पदवी ह्याच कॉलेजातून घेईन.

उद्या चौकशी समितीसमोर माझा जबाब आहे. तीन पानं लिहिलीत. त्यांत चूक हा शब्द एकदाच आला आहे, आणि तो सरांच्या नावापुढं आहे. तो मी खोडणार नाही.