दाजींचा माईक आणि अक्काचं कोपर

हिंजवडीच्या पट्ट्यात लग्न ठरलं की मांडवाआधी माईक कुणाकडे ते ठरतं, आणि माईक म्हटला की आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मुक्ताईअक्काचे यजमान, मच्छिंद्रराव. जमीन आयटी पार्कात गेली, उरला तो आवाज. दारात पाहुण्याची चप्पल दिसायचा अवकाश, "माजी उपसरपंच, दूध सोसायटीचे विद्यमान संचालक, माननीय गेनबाशेठ यांचं सहर्ष स्वागत!" पाहुणे एवढ्यासाठीच येतात, जेवण काय, घरीही मिळतं. माझा मंडईत भाजीचा गाळा आहे. दाजी मला 'सुप्रसिद्ध उद्योजक' म्हणतात, तेव्हा मीसुद्धा मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून.

गेल्या वर्षापासून या स्वागताला उशीर व्हायला लागला. नाव विसरायचे नाहीत, पण ते ओठावर येईपर्यंत पाहुणा पुढे गेलेला असायचा. एकदा गेनबाशेठ आले, बसले, जिलेबी खाऊन हात धुवायला उठले, तेव्हा दाजी गरजले, "आत्ताच आगमन झालेलं आहे!" गेनबाशेठ मानी माणूस. ते ओल्या हातानं बाहेर गेले आणि दारातून पुन्हा आत आले.

दाजींची लेक तनुजा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं बापाला उचलून मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आहे, त्यानं विचार मंदावतो.

"म्हंजी कालवा ठणठणीत हाय, पण शेवटच्या चाऱ्यांना पाणी पोचंना," दाजी म्हणाले.

"बरोबर. रक्तदाब वाढलेला आहेच. झोप कशी आहे?"

"झोपंचा काय त्रास न्हाई. पाठ टेकली की लागती. गाडीत लागती, दशक्रियेच्या भाषणात तर उभ्या उभ्या लागती."

"तोच त्रास," डॉक्टर म्हणाले.

मग अक्का बोलली. "हे घोरत्यात, आन् मधीच श्वास थांबतो. म्या कोपरानं ढोसते, मग चालू व्हतो. तनुजा रांगत व्हती तवापास्नं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वाईट झोप आणि हे ठिपके बऱ्याचदा जोडीनं सापडतात, म्हणाले. कोण कुणामुळे, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. झालेले ठिपके बहुधा जायचे नाहीत. पुढचे होऊ नयेत म्हणून धडपडायचं. झोपेची तपासणी झाली, रक्तदाबाची गोळी लागली आणि झोपेत श्वास थांबू नये म्हणून नाकाला मास्क लावून झोपायचं मशीन घरी आलं.

"म्या काय विमान चालवतो?" म्हणून दाजींनी ते कपाटात टाकलं.

तनुजाचं लग्न वैशाखात. तिनं सरळ सांगितलं, "अप्पा, मशीन लावलंत तरच माझ्या लग्नात माईक तुमचा. नाहीतर मी इव्हेंटवाली अँकर बोलावणार. ती पाहुण्यांना 'गाइज' म्हणते."

दाजींचा चेहरा उतरला. पण मशीन काही कपाटातून उतरलं नाही.

अशात भावकीतल्या सुखदेवच्या पोराचं लग्न आलं. भर दुपारचा मुहूर्त, आणि नवरीकडची मंडळी कंपन्यांच्या बसमागे ट्रॅफिकमध्ये अडकलेली. स्टेजवर खुर्चीत बसल्या बसल्या दाजींना झोप लागली. माईक छातीवर, आणि चालू.

सगळ्या लॉनभर घोरणं सुरू झालं. पोरं खिदळायला लागली, मोबाइल वर झाले. गेनबाशेठ ओरडले, "घोरण्याचं सहर्ष स्वागत!" हसून हसून लोकांच्या टोप्या पडायच्या बाकी होत्या.

आणि घोरणं थांबलं.

हसू थोडा वेळ चाललं, मग विरलं. स्पीकरमधून काहीच येईना. आचारीसुद्धा झारा हातात धरून बाहेर आला. "आरं, कुणीतरी बघा की," कुणी पुटपुटलं, पण जागचं कुणी हललं नाही.

अक्का बायकांत बसली होती. ती उठली, स्टेजवर चढली आणि दाजींच्या बरगडीत कोपर घातलं. सगळ्या स्पीकरांतून एकदम मोठा, घरघरता श्वास आला. अक्का खाली येऊन जागेवर बसली. शेजारची बाई तोंडाला पदर लावून तिच्याकडे बघत होती.

"रोजचं हाय," अक्का म्हणाली.

इतकी वर्षं माझी बहीण हे एकटी ऐकत होती.

"काय झालं? समदे गप का?" दाजींनी माईकवरच विचारलं. श्वास बंद पडला होता हे गेनबाशेठांनी सांगितलं, आणि त्यात माजी-विद्यमान काही नव्हतं.

त्याच दिवशी दाजींनी स्वतः मशीन बाहेर काढलं. पहिले काही दिवस अक्का सवयीनं त्या मशीनलाच ढोसायची.

वैशाखात माईक दाजींकडेच होता. नावं अजून थोडी थांबून येतात, पण लोकांना वाटतं ती स्टाइल आहे. गेनबाशेठांचं स्वागत ते बसायच्या आत झालं. मग दाजींनी घसा खाकरला.

"आपल्या घरच्या रात्रपाळीच्या माजी पहारेकरी, माननीय सौ. मुक्ताई मच्छिंद्र यांचं सहर्ष स्वागत!"

आयुष्यात त्यांनी चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. ते मात्र अडलं नाही. टाळ्या झाल्या. अक्कानं पदरानं डोळे टिपले आणि माझ्याकडे वळली.

"लेकीचं लगीन आलं, तवा कुठं माझं आगमन झालं व्हय!"